ब्रेक दाबला तरी मागचे लाल दिवे लागत नाहीत (व्हॅन, २०१३)

डबेवाली_धायरी | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितेय, कारण अर्धवट सांगितलं तर कुणालाच काही सुचणार नाही.

आमची २०१३ ची व्हॅन आहे, पेट्रोल-सीएनजी. मागे डब्यांचे क्रेट असतात. सकाळी अकराला धायरीतून निघते, नऱ्हे, आंबेगाव, कात्रज असे साठेक डबे पोचवते आणि दुपारी रिकामे डबे गोळा करून परत येते. म्हणजे नवीन कात्रज बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा तो उतार मला रोज आहे. ज्यांनी तिथे गाडी चालवलीय त्यांना माहीत आहे, मागून भरलेले ट्रक येत असतात आणि पुढचा कधी ब्रेक मारेल याचा नेम नसतो.

गेल्या गुरुवारी वडगावला सिग्नलवर एक रिक्षावाले काका शेजारी थांबले आणि म्हणाले, "ताई, तुमचा ब्रेक लाइट लागतच नाही. मघाशी मी आदळणारच होतो." माझ्या पोटात गोळाच आला. किती दिवस अशी फिरत होते कोण जाणे. आतून तर काहीच कळत नाही, ब्रेक अगदी व्यवस्थित लागतात.

त्याच संध्याकाळी गाडी घराजवळच्या गॅरेजमध्ये नेली. त्यांनी दोन्ही बल्ब बदलले, दिवे लागले, पैसे दिले. शनिवारी आमच्या मुलाला मागे उभं करून बघितलं, तर परत बंद. गॅरेजवाले आता म्हणतात की सीएनजीच्या टाकीखाली वायरिंग दबलं असणार, मागचं अख्खं हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, बदलावं लागेल, दोन दिवस गाडी ठेवा. दोन दिवस गाडी ठेवली तर साठ माणसं जेवायची कशी?

पार्किंगचे दिवे लागतात. इंडिकेटर लागतात. हॉर्न वाजतो. हार्नेस बदलायच्या आधी मला घरी काही बघता येईल का?

तारा_आणि_फ्यूज | सोमवार, रात्री १०:१५

ताई, हार्नेस बदलू नका. निदान अजून तरी नाही. मी चिंचवडला गाड्यांचं वायरमनचं काम करतो, बावीस वर्षं झाली. तुम्ही जे लिहिलंय त्यातच अर्धं उत्तर आहे.

ब्रेक लाइटचा रस्ता अगदी सरळ असतो. बॅटरीतून करंट निघतो, फ्यूजमधून जातो, तिथून ब्रेक पेडलच्या वर बसवलेल्या स्विचमध्ये, स्विचमधून मागे, मागे दोन फाटे फुटून डाव्या-उजव्या बल्बला, आणि बल्बमधून बॉडीला अर्थ, म्हणजे करंट परत जायची वाट. बस्स. पाय पेडलवरून काढलेला असतो तेव्हा पेडलचा दांडा स्विचची पिन आत दाबून ठेवतो आणि आतले पॉइंट वेगळे राहतात. पाय दिला की दांडा पुढे सरकतो, पिन स्प्रिंगने बाहेर येते, पॉइंट चिकटतात आणि दिवा लागतो. लोकांना वाटतं दाबल्यावर स्विच दाबला जातो. उलट आहे, दाबल्यावर तो सुटतो.

आता विचार करा. डावा आणि उजवा दोन्ही एकदम गेले. दोन बल्ब एकाच दिवशी उडणं जवळपास होत नाही. म्हणजे खराबी फाटा फुटायच्या अलीकडे आहे. अर्थ म्हणाल, तर पार्किंग आणि ब्रेक एकाच बल्बमध्ये असतात, ५ वॅटची एक तार आणि २१ वॅटची दुसरी, दोघींना अर्थ एकच. पार्किंग लागतंय म्हणजे अर्थ ठीक. राहिलं काय? फ्यूज, स्विच, आणि स्विचपासून मागे जाणारी एक वायर.

बल्ब बदलल्यावर लागले आणि दोन दिवसांनी बंद झाले, यावरून माझा संशय स्विचवर आहे. मरणारा स्विच असाच लपंडाव खेळतो.

उद्या आधी फ्यूज बघा. झाकणाच्या आतल्या बाजूला कुठला कशाचा ते छापलेलं असतं. बऱ्याच गाड्यांत हॉर्न आणि ब्रेक लाइट एकाच फ्यूजवर असतात, तुमच्यात तसं असेल तर हॉर्न वाजतोय म्हणजे तोही प्रश्न मिटला.

शाळेची_व्हॅन | मंगळवार, पहाटे ५:५०

ताई, मी कोथरूडला शाळेची मुलं ने-आण करतो. मुलगा मागे उभा करायला मिळाला नाही तर एक करा. पहाटे अंधारात किंवा रात्री गाडी उलटी भिंतीजवळ लावा आणि आरशात बघत ब्रेक दाबा. भिंतीवर लाल उजेड पडतो की नाही ते बसल्या जागी दिसतं. मी रोज पहिली फेरी सुरू करायच्या आधी सोसायटीच्या भिंतीवर हे बघतो. फिटनेसला आरटीओत गेलं की ब्रेक लाइट बघतातच, पण ते वर्षातून एकदा. मुलं रोज बसतात.

कोंढव्याचा_एक | मंगळवार, सकाळी ८:३०

एवढा खटाटोप कशाला. डॅशबोर्डवर एक साधा बटण-स्विच बसवा, ब्रेक स्विचच्या दोन वायरी त्याला जोडा. उतारावर आलं की बटण चालू. माझ्या टेम्पोत सहा महिने असंच चाललं होतं.

तारा_आणि_फ्यूज | मंगळवार, सकाळी ९:०५

दादा, रागावू नका, पण हे कुणालाही सांगू नका. बटण चालू ठेवलं तर दिवा कायम लागलेला, मग मागच्याला तुम्ही ब्रेक मारला ते कळणार कसं? आणि माणूस ब्रेक मारतो तो घाबरून, अचानक. त्या क्षणी हात बटणाकडे जात नाही. कायम लागलेला लाल दिवा हा बंद दिव्याइतकाच धोक्याचा आहे.

वेताळटेकडी | मंगळवार, दुपारी १:२०

तारा_आणि_फ्यूज यांच्याशी पूर्ण सहमत. मी निवृत्त झालो, आयुष्य ब्रेकच्या कामात गेलं. मागच्या चालकाला पुढची गाडी हळू होतेय हे फक्त अंतर कमी होण्यावरून कळायला वेळ लागतो, दिवा तोच वेळ वाचवतो. ताशी ६० किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. मागचा ट्रक अर्धा सेकंद उशिरा सावध झाला तर तो आठ मीटर जास्त पुढे आलेला असतो. तुमच्या व्हॅनची पूर्ण लांबीही तेवढी नाही.

डबेवाली_धायरी | मंगळवार, रात्री ९:००

सगळ्यांचे मनापासून आभार. आज डबे आतल्या रस्त्याने पोचवले, महामार्ग टाळला. वेळ जास्त लागला पण धीर झाला नाही.

फ्यूज बघितला. झाकणावर हॉर्न आणि स्टॉप एकत्रच लिहिलंय, म्हणजे फ्यूज ठीक. मग आमचे हे टॉर्च धरून पेडलखाली आडवे झाले. पेडलच्या वर, दांड्याला टेकलेला छोटा स्विच दिसला, त्याला दोन वायरींचा कपलर (वायरी जोडणारा प्लग) आहे. मी मागे उभी राहिले. यांनी पेडल हाताने दाबलं, दिवा नाही. दाबून धरून स्विचवर पान्याच्या दांड्याने हलकेच टकटक केलं, तर दिवे लागले! परत सोडून दाबलं, नाही लागले.

आता काय करायचं? नवीन स्विच आणू का लगेच?

तारा_आणि_फ्यूज | मंगळवार, रात्री ९:३०

छान काम केलंत. टकटक केल्यावर लागले म्हणजे नव्वद टक्के स्विचच. पण उरलेल्या दहा टक्क्यांसाठी आणखी दोन मिनिटं द्या, पैसे खर्च करण्याआधी.

कपलरचं कुलूप दाबून तो स्विचमधून ओढून काढा. वायर धरून ओढू नका, कपलर धरून ओढा. आता कपलरच्या दोन खाचांमध्ये वायरच्या छोट्या तुकड्याची दोन टोकं घाला, म्हणजे स्विचला वगळून सरळ जोड. एका खाचेत बहुतेक कायम करंट असतो, किल्ली बंद असली तरी, त्यामुळे तुकड्याचं उघडं टोक लोखंडाला लागू देऊ नका, फ्यूज उडेल. जोडल्यावर मागचे दोन्ही दिवे ठणठणीत लागले तर मागे जाणारी सगळी वायर, होल्डर, बल्ब, अर्थ सगळं चांगलं. दोषी फक्त स्विच. नाही लागले तर टेस्ट लॅम्प (करंट आहे का ते दाखवणारा, चिमटा आणि टोक असलेला छोटा दिवा) घ्या, चिमटा बॉडीला लावा आणि टोक दोन्ही खाचांना लावून बघा. एकातही लॅम्प पेटला नाही तर किल्ली चालू करून पुन्हा बघा, काही गाड्यांत किल्लीवरच येतो. तरीही नाही तर फ्यूजपासून स्विचपर्यंतची वायर गेली.

मल्टिमीटर असेल तर काढलेला स्विच हातात घेऊन ओहमवर मोजा. पिन मोकळी असताना शून्याच्या जवळ यायला हवं, पिन दाबल्यावर काहीच येता कामा नये.

डबेवाली_धायरी | मंगळवार, रात्री १०:२५

जोडलं. दोन्ही दिवे लागले! झगझगीत. सीएनजीची टाकी, हार्नेस, काही काही नाही. मीटर शेजारच्यांकडून आणला. पिन मोकळी असताना आकडा स्थिर राहतच नाही, कधी १५, कधी ४०, मधेच काहीच नाही.

एक विचारू? हा असा का जातो? गाडीला आपटलं नाही, पाणी शिरलं नाही.

तारा_आणि_फ्यूज | मंगळवार, रात्री १०:५०

झिजून जातो, ताई. दोन बल्ब २१-२१ वॅटचे, म्हणजे ४२ वॅट, १२ व्होल्टला साडेतीन अँपिअर. हा आकडा मोठा नाही. पण बल्बची तार थंड असते तेव्हा तिचा रोध फार कमी असतो, त्यामुळे पहिल्या क्षणी याच्या कितीतरी पट करंट धावतो. तो झटका स्विचच्या आतल्या दोन इवल्या पॉइंटांवर पडतो, ठिणगी उडते, काळा थर बसतो. पुण्याच्या रस्त्यावर दिवसाला पाचशे वेळा ब्रेक धरलात तर वर्षाच्या तीनशे दिवसांत दीड लाख ठिणग्या झाल्या. तुमचा स्विच २०१३ पासून राबतोय. कुणी जास्त वॅटचे बल्ब बसवले असतील तर आणखी लवकर जातो, म्हणून नवीन बल्ब २१/५ चेच आहेत ना ते बघून घ्या.

काही जण उघडून, पॉलिश पेपर मारून परत बसवतात. मी तसं करत नाही. पॉइंटवरचा मुलामा निघाला की महिन्याभरात परत तेच.

कात्रजचा_प्रवासी | बुधवार, सकाळी ७:४५

माझ्या जुन्या गाडीला पेडलवर असा स्विचच नव्हता. ब्रेक ऑइलच्या पाइपवर बसवलेला होता, ऑइलचा दाब आला की दिवा. तो गेला की ऑइलही गळायचं. कुणाला पेडलवर सापडला नाही तर तिकडे बघा.

आणि एलईडी बल्ब लावले तर स्विचवर भारच येणार नाही ना?

तारा_आणि_फ्यूज | बुधवार, सकाळी ८:१०

भार कमी होतो, खरं आहे. पण आधीच खराब झालेला स्विच त्याने बरा होत नाही. शिवाय या बल्बच्या जागी येणारे स्वस्त एलईडी मला पटत नाहीत. काच आणि आरसा त्या एका तारेच्या जागेसाठी बनवलेला असतो, एलईडीचा उजेड भलतीकडे फाकतो आणि पार्किंग व ब्रेक यांतला फरक उन्हात दिसेनासा होतो. ताईंची दुपारची फेरी आहे. साधा बल्बच चांगला.

नानापेठ_काउंटर | बुधवार, सकाळी ११:३०

ताई, स्विच घ्यायला याल तेव्हा जुना बरोबर आणा. फोटोवर भागत नाही. नाना पेठेत मी रोज बघतो, लोक गाडीचं नाव सांगून घेऊन जातात आणि तासाभरात परत येतात.

बघायचं काय ते सांगतो. वायरी जोडायच्या पिना दोन की चार. आट्यांचा व्यास आणि लांबी. दाबायची पिन किती बाहेर येते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, क्लचचा स्विच आणि ब्रेकचा स्विच पुष्कळदा बाहेरून जुळ्या भावांसारखे दिसतात, पण आतलं काम उलट असू शकतं. पिन दाबल्यावर एक जोडतो, दुसरा तोडतो. चुकीचा बसवला तर पाय काढल्यावर दिवा लागेल. काउंटरवरच मीटर लावून बघायला सांगा, कुठलाही चांगला दुकानदार नाही म्हणणार नाही. ताईंच्या गाडीचा असला स्विच दोनशे-अडीचशेच्या आसपास येईल.

डबेवाली_धायरी | बुधवार, रात्री ११:१०

स्विच आणला, बसवला, आणि आता वेगळंच झालंय. रडू यायचं बाकी आहे.

लॉकनट (स्विच जागेवर धरून ठेवणारा नट) सैल करून जुना काढला, नवीन तेवढ्याच आट्यांवर बसवला, कपलर लावला. पेडल दाबलं, दिवे लागले. सोडलं, गेले. सात-आठ वेळा बघितलं, आनंदाने गाडी बंद करून वर आलो. तासाभराने समोरच्या काकूंनी गॅलरीतून हाक मारली, "अगं तुमच्या गाडीचे मागचे दिवे चालूच आहेत." खाली जाऊन बघते तर खरंच. किल्ली काढलेली, पेडल वर, आणि दिवे चालू. कपलर काढून ठेवलाय. नवीन स्विच पण खराब निघाला का?

तारा_आणि_फ्यूज | बुधवार, रात्री ११:२०

कपलर काढलात ते फार बरं केलंत. साडेतीन अँपिअर रात्रभर म्हणजे पस्तीस अँपिअर-अवरची बॅटरी दहा तासांत रिकामी, सकाळी गाडी चालूच झाली नसती.

स्विच बहुतेक चांगला आहे. पायाखालच्या मॅटवर टॉर्च मारा. प्लॅस्टिकचे किंवा रबराचे कुस्कर पडलेत का? पांढरे, पिवळट, कधी निळे असतात.

डबेवाली_धायरी | बुधवार, रात्री ११:३५

हो!! पिवळट तुकडे. बोटात धरले तर बिस्किटासारखे चुरले. तुम्हाला कसं कळलं?

तारा_आणि_फ्यूज | बुधवार, रात्री ११:५५

कारण हे मी शेकडो गाड्यांत बघितलंय. पेडलच्या दांड्याला जिथे स्विचची पिन टेकते तिथे एक भोक असतं आणि त्या भोकात प्लॅस्टिकची टिकली बसवलेली असते, रुपयाच्या नाण्याहून लहान. पिन त्या टिकलीवर टेकते. दहा-बारा वर्षांच्या उन्हा-उष्णतेने ती ठिसूळ होते. नवीन स्विचची स्प्रिंग जोरकस, तिने टिकली फोडली. आता पिन सरळ भोकातून आरपार जाते, दाबलीच जात नाही, म्हणून स्विचला वाटतं तुमचा पाय ब्रेकवर आहे.

स्विच बदलला की टिकली बदलायचीच, हे मी आधीच सांगायला हवं होतं. माझी चूक झाली.

उद्याच्या दिवसापुरता उपाय सांगतो. त्या भोकात बसेल असा चपट्या डोक्याचा छोटा बोल्ट घाला, डोकं स्विचच्या बाजूला, मागून वॉशर आणि नट घट्ट. पिन बोल्टच्या डोक्यावर टेकेल. नुसती चिकटपट्टी लावू नका, ती दुपारच्या उन्हात सुटते.

वेताळटेकडी | गुरुवार, सकाळी ६:३०

बोल्टचं डोकं टिकलीपेक्षा जाड असणार, म्हणून इथे एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. डोकं जाड झालं तर स्विच तेवढा मागे घ्यायलाच हवा. तसं केलं नाही तर स्विचची पिन पूर्ण आत जाऊन त्याचं धडच पेडलला अडवतं आणि पेडल शेवटचे एक-दोन मिलिमीटर वर येत नाही.

एक-दोन मिलिमीटरने काय होतं असं वाटेल. मास्टर सिलिंडरमध्ये, म्हणजे पेडल ज्यातून ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलतं त्यात, एक बारीक भोक असतं, पेडल पूर्ण सुटल्यावरच ते उघडतं आणि चाकांकडचं ऑइल टाकीत परत येऊ शकतं. पेडल थोडं जरी दाबलेलं राहिलं तर ते भोक बंद राहतं. ऑइल गरम होऊन फुगतं, त्याला जागा नाही, मग ते चाकाला घासून थांबवणाऱ्या ब्रेक पॅडना ढकलतं. पॅड घासतात, आणखी उष्णता, आणखी दाब. पाय न लावता ब्रेक धरले जातात. घाटात अशा गाडीची चाकं धूर सोडताना मी पाहिली आहेत.

म्हणून असं करा. पेडल हाताने वर ओढून धरा, जिथपर्यंत ते स्वतःहून येतं तिथपर्यंत. स्विच फिरवत पुढे आणा, दिवा विझेल त्या जागेपासून किंचित पुढे, पण पिनेची थोडी मान अजून बाहेर दिसली पाहिजे आणि पेडल हललं नाही पाहिजे. गाडीच्या मॅन्युअलमध्ये हे अंतर मिलिमीटरमध्ये दिलेलं असतं, ते पाळा. लॉकनट आवळा. आवळताना स्विच थोडा फिरतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा बघा. मग पाच-सहा किलोमीटर जाऊन या आणि चारही चाकांच्या रिमजवळ हात न्या, टेकवू नका. एखाद्या बाजूची धग वेगळी जाणवली तर स्विच सैल करा.

बाणेर_ऑटोमॅटिक | गुरुवार, सकाळी ९:१५

धागा वाचतोय, भर घालतो. माझ्या गाडीला चार वायरींचा स्विच आहे. त्यात दोन जोड असतात, एक दिव्यासाठी, दुसरा इंजिनच्या कॉम्प्युटरसाठी, उलट्या कामाचा. तो दुसरा जोड गेला तेव्हा दिवे व्यवस्थित लागत होते, पण गिअर पार्कमधून निघेना आणि स्कॅनरवर पी ०५७१, म्हणजे ब्रेक स्विचच्या बिघाडाचा, कोड आला. आणि तो स्विच खाचेत फिरवून अडकवायचा होता, आट्यांचा नाही. तसला स्विच पहिल्यांदा बसवताना स्वतःच अंतर ठरवतो, काढून परत बसवला तर ते अंतर चुकतं. नवीनच घ्यावा लागला.

डबेवाली_धायरी | गुरुवार, रात्री ८:३०

सकाळी बोल्ट लावला आणि वेताळटेकडी काकांनी सांगितलं तसं स्विच मागे घेतला. काका, तुम्ही लिहिलं नसतं तर आम्ही तसाच आवळला असता. पहिल्यांदा बसवल्यावर यांनी पेडल बोटाने वर ओढून बघितलं तर खरंच किंचित खाली अडकलेलं होतं. तीन पूर्ण फेरे मागे घ्यावा लागला.

नऱ्ह्यापर्यंत जाऊन आले, चारही चाकं सारखीच कोमट. मग डबे भरले.

दुपारी नाना पेठेत जाऊन टिकल्या आणल्या. काउंटरवाल्या दादांनी सांगितलं तसं मी तुटलेले तुकडे कागदात बांधून नेले होते, त्यावरून मापाची मिळाली. संध्याकाळी बोल्ट काढून ती बसवली. भोकातून दाबली की टक्‌ आवाज करून बसते, पान्याचीही गरज नाही. स्विच पुन्हा पुढे घेतला, पेडल पुन्हा तपासलं, परत चक्कर मारली.

नानापेठ_काउंटर | गुरुवार, रात्री ९:००

एकच घेतलीत ना? अजून एक घेऊन ठेवा. क्लचच्या दांड्यावरही बहुतेक तशीच टिकली असते आणि ती त्याच वयाची आहे.

डबेवाली_धायरी | पुढचा शुक्रवार, दुपारी ४:१०

आठ दिवस झाले म्हणून सांगायला आले. रोज पहाटे क्रेट भरायच्या आधी सोसायटीच्या भिंतीवर लाल उजेड बघते, शाळेची_व्हॅन दादांसारखा. एकदाही चुकला नाही. आज पहिल्यांदा परत महामार्गाने आले, नवले पुलाच्या उतारावरून. मागे एक सिमेंटचा ट्रक होता. मी ब्रेक धरला, आणि आरशात त्याचं तोंड खाली झुकलेलं दिसलं, म्हणजे त्यानेही धरला.

क्लचची टिकली काल बघितली. दादा, तिलाही तडा गेलेला होता. बदलली.

शाळेची_व्हॅन | पुढचा शुक्रवार, संध्याकाळी ६:२०

ताई, तुमचा धागा वाचून मीही काल पेडलखाली टॉर्च मारला. माझी अजून शाबूत आहे, पण पिवळी पडलीय. रविवारी नाना पेठेत जातोय. ती टिकली काढताना मागून ढकलायची की पुढून ओढायची?

डबेवाली_धायरी | पुढचा शुक्रवार, संध्याकाळी ६:३५

मागून, दादा. पक्कडने मागचा फुगवटा चेपायचा आणि ढकलायची, पुढे निघून येते. खाली जुनं फडकं अंथरा, तुकडे मॅटखाली गेले की सापडत नाहीत. आणि पेडल कुणालातरी दाबून धरायला सांगा, नाहीतर बोट घालायला जागा मिळत नाही.